युद्धाची जुनी छायाचित्रे : संशय नेमका कशावर घ्यायचा?

धागा

युद्धांच्या जुन्या छायाचित्रांचा विषय निघाला की हल्ली दोन टोकांची मते ऐकू येतात. काही जण पुस्तकात छापून आले म्हणजे ते खरेच असणार, असे धरून चालतात. बाकीचे एखाद्या गाजलेल्या छायाचित्रात बनाव असल्याचे कुठेतरी वाचतात आणि त्या काळातली सगळीच छायाचित्रे खोटी ठरवून मोकळे होतात. मला या दोन्ही भूमिका आळसातून आलेल्या वाटतात. संशय घ्यायला हवा, याबद्दल दुमत नाही. पण तो चित्रात दिसणाऱ्या वस्तूंवर आहे, छायाचित्रकाराच्या हेतूवर आहे, की खाली छापलेल्या फोटोओळीवर आहे, हे आधी स्पष्ट व्हावे, एवढ्यासाठी हा धागा काढत आहे.

सुरुवात रशियाविरुद्ध ब्रिटन-फ्रान्स यांच्या क्रिमियन युद्धापासून करतो. ब्रिटिश छायाचित्रकार रॉजर फेंटन यांनी २३ एप्रिल १८५५ रोजी सेव्हस्तोपोलजवळच्या एका उजाड दरीची दोन छायाचित्रे घेतली. कॅमेरा एकाच जागी आहे, दरी तीच आहे. मात्र एका छायाचित्रात तोफगोळे रस्त्याकडेच्या खळग्यात आहेत आणि रस्ता मोकळा आहे, तर दुसऱ्यात तेच गोळे रस्त्यावर विखुरलेले आहेत. गाजले ते दुसरे. फेंटन यांनी परिणाम साधण्यासाठी गोळे रस्त्यावर आणवले, असा आरोप पुढे झाला. त्याला उत्तर देणारे म्हणत की गोळे मुळात रस्त्यावरच असतील आणि ते पुन्हा वापरण्यासाठी सैनिकांनी नंतर उचलून नेले असतील. चित्रपटकार एरॉल मॉरिस यांनी २००७ मध्ये या वादाचा छडा लावायचे ठरवले, त्यासाठी ते स्वतः क्रिमियात गेले आणि सावल्यांवरून वेळ काढता येईल का, हेही त्यांनी तपासले. सावल्यांनी निर्णायक उत्तर दिले नाही. उत्तर मिळाले ते उतारावरच्या लहान दगडांतून. मोकळ्या रस्त्याच्या छायाचित्रात काही दगड उतारावर जरा वरच्या बाजूला आहेत आणि गोळे पसरलेल्या छायाचित्रात तेच दगड थोडे खाली घसरलेले आहेत. माणसांची ये-जा झाली की दगड उतारावरून खालीच येणार, वर चढणार नाहीत. म्हणजे मोकळा रस्ता आधीचा आणि गोळ्यांनी भरलेला नंतरचा.

या निष्कर्षाची व्याप्ती मर्यादित आहे, आणि म्हणूनच मला तो आवडतो. गोळे नंतर रस्त्यावर आले, इतकेच तो सांगतो. त्या दरीत तोफांचा मारा झालाच नाही, असे तो म्हणत नाही. आणखी एक गोष्ट नमूद करावीशी वाटते. फेंटन यांनी क्रिमियात साडेतीनशेच्या आसपास छायाचित्रे घेतली, पण युद्धात पडलेल्या माणसांची प्रेते त्यांत दिसत नाहीत. गोळे हलवले की नाही यावर पुष्कळ वाद झाला, पण या अनुपस्थितीवर त्या मानाने फार कमी बोलले गेले.

आपल्याकडचे उदाहरण लखनौच्या सिकंदर बागेचे. १६ नोव्हेंबर १८५७ रोजी तेथे सुमारे दोन हजार बंडवाले शिपाई मारले गेले. छायाचित्रकार फेलिस बिआतो लखनौला पोहोचले ते १८५८ च्या वसंतात, म्हणजे काही महिन्यांनंतर. त्यांच्या छायाचित्रात उद्ध्वस्त इमारतीसमोरच्या मोकळ्या जागेत कवट्या आणि हाडे पसरलेली दिसतात. त्या काळात लखनौत असलेले अधिकारी जॉर्ज कॅम्पबेल यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की प्रेतांचा ढीग झाकून टाकलेला होता, परंतु छायाचित्र घेण्यासाठी तो पुन्हा उघडा करावा, असा आग्रह छायाचित्रकाराने धरला. तेव्हा हे छायाचित्र खरे म्हणावे की खोटे? जागा खरी आहे, कत्तल खरी आहे, हाडेही खरी आहेत. परंतु लढाई संपताच दिसलेले दृश्य म्हणून ते दाखवले जाते, तेव्हा ती फोटोओळ खोटी ठरते. मृतांचे अवशेष पाहणाऱ्यांसाठी पुन्हा बाहेर काढले गेले, याची नोंद तर त्या चित्राखाली बहुतेक ठिकाणी नसतेच. जाणकारांनी आपापली उदाहरणे आणि मते मांडावीत.

प्रतिसाद १

धागा आवडला. एक तांत्रिक मुद्दा जोडतो, कारण त्याशिवाय एकोणिसाव्या शतकातल्या छायाचित्रांवर अन्याय होतो.

त्या काळी काचेवर कलोडियन या चिकट द्रवाचा थर देऊन ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, छायाचित्र घेऊन, लगेच धुऊन काढावी लागे. काच वाळली की काम संपले. त्यामुळे छायाचित्रकाराला अंधारी गाडी किंवा तंबू बरोबर घेऊन फिरावे लागे आणि चित्र उमटायला काही सेकंद लागत. धावता सैनिक, उडणारी माती, हल्ल्याचा क्षण यांतले काहीही या काचेवर स्पष्ट उमटणे शक्य नव्हते. म्हणून १८५५ किंवा १८६३ सालच्या छायाचित्रात कोणी ऐन चढाईचा स्पष्ट क्षण दाखवत असेल, तर त्यावर संशय घ्यावा. पण माणसे ताठ उभी आहेत, पोज देत आहेत, एवढ्यावरून बनाव म्हणू नये. आकाशाचेही तसेच आहे. ही काच निळ्या प्रकाशाला इतकी संवेदनशील होती की आकाश पांढरेफटक येई, आणि अनेक छायाचित्रकार दुसऱ्या निगेटिव्हवरचे ढग प्रिंटमध्ये बसवत. ढग नंतरचे निघाले म्हणून खालची रणभूमी खोटी ठरत नाही.

मात्र अमेरिकन यादवी युद्धात छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनर यांनी जे केले, ते तंत्राच्या मर्यादेत बसवता येत नाही. जुलै १८६३ मध्ये गेटिसबर्गच्या लढाईनंतर दक्षिणेच्या बंडखोर राज्यांच्या एका मृत सैनिकाचे छायाचित्र घेतले गेले. दोन मोठ्या खडकांमध्ये दगड रचून केलेला आडोसा, त्यामागे पडलेला तरुण आणि खडकाला टेकवलेली बंदूक. १८६६ मध्ये निघालेल्या गार्डनर यांच्या संग्रहात ते बंडखोर नेमबाजाचे ठिकाण म्हणून छापले गेले. विल्यम फ्रासानिटो या अभ्यासकाने १९७५ मध्ये त्या परिसरातली सगळी छायाचित्रे जागेवर जाऊन ताडून पाहिली, तेव्हा हाच मृतदेह सुमारे ४० यार्डांवरच्या उतारावर घेतलेल्या दुसऱ्या छायाचित्रांतही आढळला. मृतदेह तेथून उचलून या देखण्या जागी आणला होता. बंदूकही खास नेमबाजाची नव्हती. गार्डनर यांनी सोबतच्या मजकुरात आणखी भर घातली आहे : नोव्हेंबरमध्ये आपण पुन्हा तेथे गेलो, तेव्हा सांगाडा आणि गंजलेली बंदूक तशीच पडून होती, असे ते लिहितात. ज्या रणभूमीवर मृतांना पुरण्याचे काम लगेच सुरू झाले होते आणि जिथे आठवण म्हणून वस्तू वेचणाऱ्यांची रीघ लागली होती, तेथे चार महिने एक बंदूक कोणी उचलली नाही, यावर विश्वास बसत नाही.

त्याच संग्रहात रणभूमीवर पसरलेल्या मृतांची दोन छायाचित्रे आहेत. एकाखालच्या मजकुरात ते दक्षिणेचे सैनिक आहेत, दुसऱ्याखाली उत्तरेचे. प्रत्यक्षात ते तेच मृतदेह आहेत, फक्त कॅमेऱ्याची दिशा बदललेली आहे. या दोन छायाचित्रांत मृतदेहांना हातही लावलेला नाही, आणि तरीही फसवणूक पूर्ण झालेली आहे. धागाकर्त्यांचा फोटोओळीविषयीचा मुद्दा म्हणूनच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रतिसाद २

तंत्राविषयीचे विवेचन उत्तम आहे. तरीही त्या काळी तसेच चालायचे, असे म्हणून आपण पुष्कळदा सुटका करून घेतो, ते मला मान्य नाही. तो तरुण कोणाचा तरी मुलगा होता. त्याचा मृतदेह चित्राची रचना साधावी म्हणून हलवला गेला आणि त्याच्या मृत्यूविषयी एक काल्पनिक कथा त्याच्या नावाशिवाय छापली गेली. आजच्या फोटोओळीत ही हकिगत यायलाच हवी, आणि ती तळटीपेत दडवून न ठेवता पहिल्या वाक्यात यावी.

प्रतिसाद ३

छायाचित्रकार रॉबर्ट कापा यांनी स्पॅनिश यादवी युद्धात टिपलेल्या कोसळणाऱ्या सैनिकाची चर्चा झाल्याशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. गोळी लागून मागे पडणारा, हातातून बंदूक सुटत असलेला तो सैनिक विसाव्या शतकातल्या युद्धछायाचित्रणाची खूणच बनला आहे. ५ सप्टेंबर १९३६ रोजी सेरो मुरियानो येथे ते घेतले, असे अनेक वर्षे सांगितले जात होते. 'व्यू' या फ्रेंच साप्ताहिकाने २३ सप्टेंबरला ते छापले, तेव्हा त्याच्याच जोडीला दुसऱ्या एका पडत्या सैनिकाचेही छायाचित्र होते, आणि उतार, गवत, मागचे आकाश पाहता दोघे जवळजवळ एकाच जागी कोसळताना दिसतात. कॅमेरा एका ठिकाणी रोखलेला असताना दोन माणसे पाठोपाठ तेथेच गोळी लागून पडावीत, हा योगायोग अनेकांना खटकला.

१९९० च्या दशकात हा सैनिक म्हणजे फेदेरिको बोरेल गार्सिया असल्याचा दावा पुढे आला. तो त्याच दिवशी सेरो मुरियानो येथे मारला गेल्याची नोंद असल्यामुळे वाद मिटला, असे अनेकांना वाटले. पण २००९ मध्ये खोसे मानुएल सुस्पेर्रेगी यांनी त्या मालिकेतल्या इतर छायाचित्रांत मागे दिसणाऱ्या डोंगररांगेची रेषा जुळवून पाहिली आणि जागा सेरो मुरियानोपासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या एस्पेहो गावाजवळची असल्याचे दाखवले. सप्टेंबरच्या त्या पहिल्या दिवसांत एस्पेहोला लढाई नव्हती. २००७ मध्ये मेक्सिकोहून न्यूयॉर्कला पोहोचलेल्या पेट्यांत कापा आणि त्यांचे सहकारी छायाचित्रकार गेर्डा टारो व डेव्हिड सेमूर यांची साडेचार हजारांच्या आसपास निगेटिव्ह सापडली. परंतु या छायाचित्राचे निगेटिव्ह त्यांतही नव्हते.

माझे मत असे आहे की जागा बदलल्यावर जुनी फोटोओळ टिकत नाही आणि ती मागे घ्यायला हवी. यापुढे जाऊन तो माणूस नाटक करत होता, असे ठामपणे म्हणण्यासाठी मात्र आधी-नंतरच्या फ्रेम असलेली निगेटिव्हची पट्टी हवी होती, आणि ती आपल्याजवळ नाही. जुन्या छायाचित्राबद्दल शोध घ्यायचा तर सुटे प्रिंट सर्वांत कमी बोलते. त्याच्या शेजारच्या फ्रेम, छायाचित्रकाराने स्वतःच्या हाताने लिहिलेली नोंद आणि पहिल्यांदा ते कुठे छापले गेले, या तीन गोष्टी मिळाल्या की अर्धे काम होते.

प्रतिसाद ४

वरची सगळी उदाहरणे मला मान्य आहेत, परंतु या चर्चेच्या दिशेविषयी एक गंभीर हरकत नोंदवतो. छायाचित्रे रचलेली असू शकतात, हे वाक्य आपण अभ्यासू वृत्तीने उच्चारतो. तेच वाक्य अत्याचार नाकारणाऱ्यांच्या हातात गेले की शस्त्र होते.

ऑगस्ट १९४४ मध्ये बिर्केनाऊच्या नाझी संहारछावणीतल्या कैद्यांनी जीव धोक्यात घालून चार छायाचित्रे घेतली आणि फिल्मचा तुकडा टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये लपवून पोलिश प्रतिकारकांपर्यंत पोहोचवला. मूळ छायाचित्रांपैकी दोन दाराच्या आतून घेतलेली असल्यामुळे चित्राचा मोठा भाग काळा आहे. पुढे छापताना अनेकांनी तो काळा भाग निरुपयोगी समजून कापून टाकला, आणि एका छायाचित्रातल्या स्त्रियांचे चेहरे तर रंगवून अधिक स्पष्ट केले. हेतू वाईट नव्हता. पण या सुधारणांमुळे मूळ आणि छापील प्रतींत फरक पडला आणि संशय पसरवणाऱ्यांना आयते कोलीत मिळाले. शिवाय तो काळा भाग हीच साक्ष होती : घेणारा कुठे उभा होता आणि किती भीतीत होता, हे त्या अंधारातूनच कळते.

दुसरे उदाहरण जर्मनीतले. हॅम्बुर्गच्या सामाजिक संशोधन संस्थेने १९९५ पासून जर्मन सैन्याच्या पूर्व आघाडीवरील गुन्ह्यांविषयी एक फिरते प्रदर्शन भरवले होते. पोलिश इतिहासकार बोगदान मुसियाल आणि हंगेरियन इतिहासकार क्रिस्तियान उंगवारी यांनी १९९९ मध्ये दाखवून दिले की त्यातील काही छायाचित्रांखालच्या ओळी चुकीच्या आहेत; १९४१ च्या उन्हाळ्यात सोव्हिएत गुप्त पोलिसांनी मारलेल्या कैद्यांचे मृतदेह काही चित्रांत जर्मन सैन्याचे बळी म्हणून दाखवले गेले होते. प्रदर्शन मागे घेतले गेले आणि तज्ज्ञांची समिती नेमली गेली. समितीला चौदाशेहून अधिक छायाचित्रांपैकी वीसपेक्षा कमी छायाचित्रे विषयाबाहेरची आढळली, आणि प्रदर्शनाचे मूळ प्रतिपादन तिने योग्य ठरवले. २००१ मध्ये ते नव्याने, खूपच कमी छायाचित्रांसह उभे राहिले. तरीही सगळे प्रदर्शन बनावट होते, असे सांगणारे लोक कमी झाले नाहीत. वीसांहून कमी चुका सापडल्यावर उरलेल्या सुमारे चौदाशेंचे काय, हा प्रश्न ते विचारत नाहीत. संशय घेणाऱ्यावर पुराव्याची काही जबाबदारी आहे की नाही?

धागाकर्ता (प्रतिसाद ४ यांस)

जबाबदारी आहेच, आणि ती तेवढीच कठोर आहे. बनाव आहे, हा देखील एक दावाच आहे. तो करणाऱ्याने केव्हा, कोणी आणि कशावरून, हे सांगितलेच पाहिजे. याचे सर्वांत बोलके उदाहरण अमेरिकन वृत्तछायाचित्रकार जो रोझेन्थाल यांचे आहे.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी जपानच्या इवो जिमा बेटावरील सुरिबाची डोंगरावर सहा अमेरिकन सैनिक झेंडा उभारत असतानाचे ते छायाचित्र. डोंगरावर त्या दिवशी आधी एक लहान झेंडा लावला गेला होता. रोझेन्थाल यांना मिळाला तो दुसरा, मोठा झेंडा. त्यानंतर त्यांनी झेंड्याखाली जमलेल्या सैनिकांचे, हात उंचावलेले, एक सामूहिक छायाचित्रही घेतले. फिल्म धुण्यासाठी ग्वामला गेली. काही दिवसांनी तेथे पोहोचल्यावर कोणीतरी त्यांना विचारले की ते छायाचित्र तुम्ही पोज घेऊन काढले का? तोवर त्यांनी छापून आलेले छायाचित्र पाहिलेले नव्हते. प्रश्न सामूहिक छायाचित्राबद्दल आहे, असे समजून ते हो म्हणाले. त्या एका शब्दावरून बनावाची बातमी पसरली आणि खुलासा होऊनही ती आयुष्यभर त्यांच्या मागे राहिली. वस्तुतः सैन्याचे चलच्चित्रकार बिल जेनाउस्ट शेजारीच उभे राहून तोच प्रसंग रंगीत फिल्मवर टिपत होते. त्या फिल्ममध्ये झेंडा एका सलग हालचालीत वर जाताना दिसतो, मध्ये कोणी थांबत नाही.

गंमत म्हणून नव्हे, तर शिकण्यासारखे म्हणून सांगतो : ज्या गोष्टीवर संशय घेतला गेला ती खरी निघाली आणि जिच्यावर फारसा कोणी संशय घेतला नाही ती चुकीची निघाली. चित्रातल्या सहा जणांची अधिकृत नावे १९४७, २०१६ आणि २०१९ अशी तीनदा दुरुस्त करावी लागली. शेवटच्या दोन दुरुस्त्यांमागे हौशी अभ्यासकांनी त्याच दिवशीच्या इतर छायाचित्रांशी सैनिकांचे कपडे आणि अंगावरचे साहित्य ताडून पाहण्याचे काम होते.

प्रतिसाद ५

रोझेन्थाल यांच्या छायाचित्राशेजारी ठेवायला हवे ते बर्लिनमधील राइशस्टागवरील, म्हणजे जर्मन संसदेच्या इमारतीवरील, सोव्हिएत झेंड्याचे छायाचित्र. सोव्हिएत छायाचित्रकार येवगेनी खाल्देई यांनी ते २ मे १९४५ रोजी घेतले. इमारतीवर पहिला झेंडा ३० एप्रिलच्या रात्री लागला होता, त्याचे छायाचित्र कोणी घेतले नव्हते. खाल्देई झेंडा मॉस्कोहूनच घेऊन आले होते; लाल टेबलक्लॉथ शिवून तो त्यांच्या नात्यातल्या एका शिंप्याने तयार केला होता. झेंडा धरणाऱ्या सैनिकाला खालून आधार देणाऱ्याच्या दोन्ही मनगटांवर घड्याळे दिसत होती. लूटमारीची शंका येऊ नये म्हणून १३ मेच्या 'ओगोन्योक' या सोव्हिएत नियतकालिकामध्ये छापण्याआधी त्यांतले एक निगेटिव्हवरून सुईने खरवडून काढले गेले. उजव्या हातावर होकायंत्र होते, असेही काही जण सांगतात. पुढे काही प्रतींमध्ये मागे धुराचे लोटही गडद करून भरले गेले. शहर पडले होते, झेंडा लागला होता, बर्लिनच्या रस्त्यांवरचा विध्वंस खरा होता. परंतु घड्याळ खरवडणे मला झेंडा मुद्दाम आणण्यापेक्षा गंभीर वाटते, कारण ते एक अडचणीचे सत्य पुसण्यासाठी केले गेले.

काही छायाचित्रकार अशा जोडकामाचा खुलेपणाने पुरस्कारही करत. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रेलियन सैन्याबरोबर असलेले फ्रँक हर्ली यांचे म्हणणे होते की आधुनिक लढाई एका निगेटिव्हवर मावतच नाही. म्हणून ते खंदकांतले सैनिक, स्फोट आणि विमाने वेगवेगळ्या काचांवरून घेऊन एका प्रिंटमध्ये आणत. अधिकृत इतिहासकार चार्ल्स बीन यांना हे साफ अमान्य होते आणि १९१७ मध्ये दोघांचा जोरदार खटका उडाला. मी बीन यांच्या बाजूचा आहे. तरीही हर्ली यांची मूळ निगेटिव्ह जपली गेली, त्यामुळे कोणता तुकडा कुठला, हे आज दाखवता येते. सोव्हिएत संघात तसे घडत नव्हते : ५ मे १९२० रोजी पोलिश आघाडीवर निघालेल्या सैनिकांसमोर लेनिन भाषण करत असतानाच्या छायाचित्रातून व्यासपीठाच्या पायऱ्यांवरचे ट्रॉट्स्की आणि कामेनेव्ह हे नेते पुढे नाहीसे झाले.

प्रतिसाद ६

१९७१ च्या युद्धाचा उल्लेख अजून आलेला नाही. भारतीय छायाचित्रकार किशोर पारेख यांनी तेव्हा पूर्व पाकिस्तानात घेतलेल्या छायाचित्रांपैकी एकात एक सैनिक एका ग्रामस्थाची लुंगी पुढे ओढून आत पाहत आहे. समाजमाध्यमांवर ते पाकिस्तानी सैनिक बंगाली माणसाचा धर्म तपासत आहे, अशा ओळीसह सतत फिरते. पारेख यांच्या पुस्तकातील ओळीनुसार तो भारतीय सैनिक आहे आणि हेर असल्याच्या संशयावरून पकडलेल्या ग्रामस्थांची शस्त्रांसाठी झडती घेतली जात आहे. धर्म तपासून माणसे मारली गेल्याच्या साक्षी त्या युद्धात भरपूर आहेत. त्या सिद्ध करण्यासाठी या चित्राची गरज नाही. उलट चुकीच्या ओळीसह ते वापरले की खऱ्या साक्षींवरही शिंतोडे उडतात. आपल्या बाजूला सोयीची ओळ आहे म्हणून ती तपासायची नाही, हा मोह येथे स्पष्ट दिसतो.

त्याच डिसेंबरमधला दुसरा प्रसंग याहून कठीण आहे. १८ डिसेंबरला ढाक्यात जमावासमोर काही बंदिवानांना संगिनींनी भोसकून मारले गेले. होर्स्ट फास आणि मिशेल लॉरें या छायाचित्रकारांच्या त्या छायाचित्रांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. तेथे आलेले काही छायाचित्रकार मात्र हे आपल्या कॅमेऱ्यांसाठीच घडवले जात आहे, असे वाटून निघून गेले होते. येथे निगेटिव्ह खरे आहे, मृत्यू खरा आहे, ओळही खरी आहे. कॅमेरे नसते तर ती माणसे त्या दिवशी वाचली असती का, या प्रश्नाचे उत्तर निगेटिव्ह कितीही मोठे करून पाहिले तरी मिळणार नाही.

प्रतिसाद ७

कामाच्या पद्धतीविषयी थोडे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये सिटी पॉइंट येथे घोड्यावर बसलेल्या, यादवी युद्धातले उत्तरेचे सेनापती जनरल ग्रँट यांचे एक छायाचित्र आहे, मागे सैन्याची छावणी पसरलेली आहे. सहज पाहिले तर काहीच खटकत नाही. मोठे करून पाहिल्यावर मान धडावर विचित्र कोनात बसलेली दिसते, गणवेश त्या वेळच्या ग्रँट यांच्या गणवेशाशी जुळत नाही, घोडाही त्यांचा नाही. ग्रंथालयातील तपासणीत तीन निगेटिव्ह सापडली : डोके जून १८६४ मधल्या कोल्ड हार्बर येथील ग्रँट यांच्या छायाचित्रातले, घोडा आणि धड जनरल मॅकूक यांचे, आणि मागची छावणी म्हणजे फिशर्स हिल येथे पकडलेले दक्षिणेचे युद्धकैदी. युद्ध संपल्यावर बऱ्याच काळाने, १९०२ च्या सुमारास, ते जोडले गेले. हे उलगडले, कारण तिन्ही मूळ निगेटिव्ह त्याच संग्रहात जपलेली होती.

म्हणून माझी येथील सर्वांना विनंती आहे. धाग्यात छायाचित्र देताना रंग भरलेली किंवा संगणकाने ठळक केलेली प्रत देऊ नये. संग्रहालयाची मूळ स्कॅन प्रत आणि तिचा नोंदक्रमांक द्यावा. नव्या साधनांनी चेहरा स्पष्ट केला की साधन स्वतःच्या अंदाजाने डोळे, बटणे आणि बिल्ले भरते, आणि नेमक्या त्याच बटणांवरून व बिल्ल्यांवरून तर आपण सैनिक कोणत्या तुकडीचा, हे ठरवत असतो.

धागाकर्ता

विनंती रास्त आहे. फेंटन यांची दोन्ही छायाचित्रे आणि गेटिसबर्गच्या त्या सैनिकाची दोन्ही जागांवरची छायाचित्रे मूळ स्कॅन प्रतींसह, नोंदक्रमांक देऊन, पुढच्या प्रतिसादात शेजारीशेजारी लावतो. बिआतो यांच्या सिकंदर बागेच्या छायाचित्राचे वेगवेगळ्या संग्रहांतले प्रिंट आणि त्यांखालच्या जुन्या हस्तलिखित ओळी कोणाच्या पाहण्यात असतील, तर त्या ओळी जशाच्या तशा येथे उतरवाव्यात. हाडे नंतर उघडी केल्याचा उल्लेख कोणत्या प्रतीवर आहे आणि कोणत्या प्रतीवर नाही, हे त्यावरून ताडता येईल.